ठिपकेदार मांजर घेण्यापूर्वी कशाचा विचार करू नये

कोल्हापुरात ताराबाई पार्कात दोन बेडरूमचा फ्लॅट झाला, बुलेट झाली, दिवाणखान्यात शाहू महाराजांची मोठी तसबीर लागली, आणि तरीही घरी आलेला पाहुणा पहिल्या पाच मिनिटांत ‘नाद खुळा’ म्हणत नसेल, तर आपण बेंगाल जातीचे मांजर घेण्याची वेळ आली आहे असे समजावे. निवडीचा निकष एकच, तो म्हणजे अंगावरचे ठिपके. ते बिबट्यासारखे असावेत, फोटोत उठून दिसावेत आणि शक्य झाल्यास सोफ्याच्या कव्हराशी जुळावेत. त्या ठिपक्यांच्या आत एक जिवंत जनावर आहे आणि ते दिवसभर काय करणार आहे, हा विचार खरेदीपूर्वी मनात आणल्यास उत्साह मावळतो. म्हणून तो आणू नये.

घराण्याची चौकशी मात्र जरूर करावी, कारण पैसे त्याचेच मोजायचे आहेत. आशियातील बिबळ्या रानमांजर आणि साधे पाळीव मांजर यांच्या संकरातून अमेरिकेतील जीन मिल या बाईंनी ही जात घडवली. ते रानमांजर आपल्या सह्याद्रीतही आहे, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण असल्यामुळे ते घरी आणल्यास वनखाते दारात येते, आणि ही प्रसिद्धी आपल्याला नको आहे. संकराच्या पहिल्या तीन पिढ्या बुजऱ्या आणि अवघड निघतात, म्हणून मांजरांच्या प्रदर्शनातही चौथ्या पिढीपासून पुढच्यांनाच उभे करतात. आपण अर्थातच विक्रेत्याला ‘जरा जास्त जंगली’ दाखवायला सांगावे. आता अंगावरच्या त्या सोनेरी चमकीबद्दल. ती ज्या बोक्याकडून आली असे सांगितले जाते, तो 1980 च्या दशकात दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा एक बेवारस बोका होता. बाईंनी त्याला उचलून अमेरिकेला नेले आणि तो थोर घराण्याचा मूळपुरुष झाला. ऋषीचे कूळ शोधू नये हे आपल्या पूर्वजांनी उगीच सांगून ठेवलेले नाही. मटण मार्केटबाहेर तसलाच बोका फुकट बसलेला असतो, पण त्याच्यापाशी कागद नसतात.

कोल्हापूरला ठिपक्यांचे वेड नवे नाही. संस्थानकाळात छत्रपतींच्या पदरी शिकारी चित्ते असत. देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात आणि माळावर काळविटांच्या मागे सोडले जात. मात्र त्यांच्या दिमतीला चित्तेवान असत. जनावराला खाऊ घालणे, फिरवणे, माणसाळवणे हेच त्या माणसांचे काम होते आणि दरबाराला ते पूर्ण वेळचे वाटत होते. आपल्या फ्लॅटमध्ये ही जागा रिकामी आहे. आपण सकाळी नऊला दुकानावर जाता, सौभाग्यवती शाळेत शिकवायला जातात आणि मुलांना क्लास असतात; तेव्हा नेमणूक आईसाहेबांची करावी. त्यांचे गुडघे दुखतात हे खरे, पण मांजरामागे धावल्याने सांधे मोकळे होतात असे त्यांना सांगून पाहावे. त्यांची संमती घेण्याच्या भानगडीत पडू नये. पिल्लू थेट पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवले, की प्रश्न मिटतो.

आता या जातीच्या उत्साहाबद्दल. बेंगाल मिळाले नाही तर अबिसिनियनही चालेल, कारण धावपळीत तेही कमी नाही. अशा मांजराला रोज दोन-तीन वेळा काठीला बांधलेले पीस पळवून शिकारीचा खेळ खेळवावा लागतो, चढायला उंच फळ्या लागतात आणि खाणेसुद्धा डोके चालवून मिळवायला आवडते. हे सारे आपण टाळावे. त्याऐवजी एक प्लास्टिकचा उंदीर आणून जमिनीवर टाकावा आणि दार ओढून घ्यावे. मांजर आपली करमणूक स्वतः करून घेते. धरणाचे पाणी शहरात आणणाऱ्या थेट पाइपलाइनची वाट कोल्हापूरकरांनी जितक्या चिकाटीने पाहिली, तितक्याच चिकाटीने ते नळाखाली पाण्याची वाट पाहत बसते. लिव्हरचे हँडल असलेले दार ते लटकून उघडते.

मांजराची जात पहाटे आणि संध्याकाळी शिकार करणारी असल्यामुळे त्याचा दिवस साडेचारला सुरू होतो. ते आधी फ्रिजवर जाते आणि तेथून स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर. तेथे आईसाहेबांनी उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, डंकावर कुटून आणलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी आहे. मांजर त्या बरणीला धक्का मारत नाही. ते एक पंजा लावते, बरणी बोटभर सरकवते आणि आपल्या खोलीच्या दाराकडे पाहते. दार उघडले नाही की आणखी बोटभर. बरणीचा बूड फळीच्या बाहेर आल्याचा आवाज आईसाहेबांना झोपेतही ओळखू येतो आणि त्या धावत येतात. बरणी सरकवली की माणूस उगवतो, एवढा धडा मांजराला आठवड्यात पाठ होतो. झोपण्यापूर्वी त्याला भरपूर खेळवून मग खायला घातले तर पहाटेचा हा कार्यक्रम बराच कमी होतो, असे जाणकार सांगतात. पण त्या वेळी आपण मोबाइल पाहत असता, त्यामुळे ते शक्य नाही.

आहारात कोल्हापूरचा पाहुणचार सोडू नये. तांबड्या-पांढऱ्या रश्शातला तुकडा मांजराला आवर्जून घालावा. कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पण ‘आमच्याकडे सगळे तेच खातात’ हे उत्तर तयार ठेवावे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून म्हशीचे धारोष्ण दूध आणून पाजावे; मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हे दुसऱ्या दिवशी गालिच्यावरून कळेलच. श्रावणात घरात मटण बंद होते, तेव्हा मांजरालाही वरण-भातावर ठेवून पुण्यात भागीदार करून घ्यावे. मांजराला टॉरीन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, तो न मिळाल्यास त्याचे हृदय आणि डोळे बिघडतात, आणि हृदयाचा हा संबंध 1987 सालीच सिद्ध झाला आहे. पण श्रावण त्याहून जुना आहे. मांजराला ताप आल्यास घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नये, एवढे मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो. ती मांजराच्या जिवावर बेतते.

खरेदीच्या वेळी पिल्लू सहा आठवड्यांचेच घ्यावे. बारा आठवडे आईपाशी राहिलेले पिल्लू चावायचे कुठे थांबावे हे शिकून येते, मग आपल्या हातांवर दाखवण्यासारखे काही उरत नाही. आईला पाहण्याचा आग्रह धरू नये. या जातीत दृष्टी जाण्याचा एक आनुवंशिक दोष आणि रक्तपेशींचा एक विकार आढळतो, दोन्हींच्या चाचण्या उपलब्ध आहेत. त्यांचे निकाल मागितल्यास विक्रेत्याला वाईट वाटते.

बाल्कनीला जाळी लावू नये, दर्शनी भागाची शोभा जाते. चौथ्या मजल्यावरून मांजर नेहमी चार पायांवरच पडते, असे सांगणारे शेजारी भरपूर भेटतील. मोडलेला जबडा शिवणारा डॉक्टर शोधताना त्यांच्यापैकी कोणी सोबत येत नाही. बोक्याची नसबंदी तर मुळीच करू नये. वयात आल्यावर तो दारातल्या चपलांच्या स्टँडवर फवारा मारून आपली हद्द आखतो, आणि 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेल्या अस्सल चामड्याच्या कोल्हापुरी चपलेत तो वास एकदा मुरला, की लग्नाला कोणते बूट घालावेत हा प्रश्न कायमचा सुटतो.

मांजर बारा ते सोळा वर्षे जगते आणि आपला उत्साह साधारण दिवाळीपर्यंत टिकतो, तेव्हा पुढची सोयही आधीच पाहून ठेवावी. पन्हाळ्याच्या पायथ्याला मामांचे शेत असेल तर ‘तिथे मोकळी हवा आहे’ असे म्हणून सोडून यावे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला तेथली कुत्री आणि हमरस्ता यांची ओळख आपोआप होते. मामा तयार नसतील तर जाहिरात द्यावी. तीत ‘बदली झाल्यामुळे’ असे लिहावे, दुकानदाराची बदली कोठे होते असे कोणी विचारत नाही. स्वभावापुढे ‘खेळकर’ लिहावे, सोबत वाळूचा ट्रे आणि प्लास्टिकचा उंदीर मोफत द्यावा. आईसाहेब अलीकडे रोज संध्याकाळी त्याच्यासमोर पीस हलवत बसतात आणि मांजर द्यायला तयार नाहीत, ही अडचण घरातल्या घरात मिटवावी. आणि गिऱ्हाईकाने घासाघीस केली तरी किंमत निम्म्याच्या खाली आणू नये. घराणे दिल्लीचे आहे.