खुर्चीवरचा नंबर

आमच्या संस्थेचा फोन नंबर सातारा तालुक्यात जितक्या ठिकाणी रंगवलेला आहे, तितक्या ठिकाणी एखाद्या उमेदवाराचं नावही नसेल. व्हीलचेअरच्या पाठीवर, वॉकरच्या आडव्या दांडीवर, सलाईनच्या स्टँडवर, कमोड खुर्चीच्या बैठकीखाली. पांढरा ऑइलपेंट, देवनागरी आकडे. आम्ही रुग्णोपयोगी साहित्य देतो. अनामत घ्यायची, वस्तू द्यायची, गरज संपली की वस्तू परत आणि अनामतही परत. त्यामुळे निम्म्या वस्तू कायम बाहेर. एक व्हीलचेअर परळीला, दोन मेढ्याला. कोरेगावला एका माडीवर चढवलेली फावलर कॉट, म्हणजे पाठ वर उचलता येणारी दवाखान्यातली खाट, जिना नवा बांधल्यापासून खाली उतरत नाही. तिच्यावरही नंबर आहे.

आता पेंटरने शेवटचा १ असा काही वळणदार काढलाय की निम्म्या लोकांना तो ९ वाटतो. आणि शेवटी ९ असलेला नंबर निघाला आमच्याच मागच्या गल्लीतल्या एका वकिलांचा. त्यांच्या घरातल्या वहिनी गेली अकरा वर्षं, ‘कमोड खुर्ची शिल्लक आहे का?’ या प्रश्नाला न चिडता, ‘शेवटी एक लावा’ असं उत्तर देत आल्या आहेत. दर संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन जातो. देणगीदारांकडेही इतक्या नेमाने जात नाही.

हे सगळं ठीक चाललेलं असताना एप्रिलच्या सभेत खजिनदार काकांनी चष्मा कपाळावर चढवला. काकांचा चष्मा कपाळावर गेला की कोणाचा तरी खर्च उघड होतो. या खेपेला टेलिफोनचा निघाला. एक लँडलाइन, तिच्याच तांब्याच्या तारेवरून रांगत येणारं इंटरनेट, कार्यालयाचे दोन मोबाईल आणि एक डोंगल.

“डोंगल कुणाकडं आहे?” काकांनी विचारलं.

सभेत शांतता. डोंगल मागच्या चिटणीसांकडे होतं, आणि मागचे चिटणीस दोन वर्षांपूर्वी मुलाकडे बेंगळुरूला गेले. त्यांना निरोप समारंभात आम्ही शाल, श्रीफळ आणि नकळत डोंगल दिलं होतं. रिचार्ज मात्र साताऱ्यातून चालू.

“स्वस्तातलं आणि चांगलं काहीतरी बघा,” अध्यक्ष नाना म्हणाले. “सहचिटणीसांनी लक्ष घालावं.”

सहचिटणीस मी. चिटणीसांना ज्याला वेळ नाही आणि शिपाई ठेवायला ज्यासाठी पैसे नाहीत, अशी सगळी कामं माझ्या पदाच्या कक्षेत येतात.

मी एका कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात पहिला प्रश्न विचारला, “सर, घरासाठी हवंय की बिझनेससाठी?”

“संस्थेसाठी.”

“म्हणजे बिझनेस.”

“अहो, धंदा नाही. नफा नसतो आमच्यात.”

“मग घर लिहू का सर?”

आता घरगुती प्लॅन स्वस्त आणि धंद्याचा त्याच्या दीडपट. मोह झाला. पण घरगुती जोडणी कुणा एका माणसाच्या नावावर घ्यावी लागते, आणि आमचे हिशेबतपासनीस माणसाच्या नावाचं बिल दिसलं की असे बघतात, जणू मी संस्थेच्या पैशातून सोफा घेतला. बिल न्यासाच्याच नावाचं पाहिजे. हिशेब पुढे धर्मादाय आयुक्तांकडे जातात, आणि १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला सहचिटणीसाच्या हॉलमधलं वायफाय खर्ची घालता येत नाही. मग धंदा तर धंदा. पण धंदा म्हटल्यावर त्या मुलीने लगेच जीएसटी नंबर मागितला. तो आम्हाला नाही. म्हणजे भाव दुकानदाराचा लागणार, पण दुकानदाराला त्या अठरा टक्क्यांची जी वजावट मिळते ती आम्हाला नाही. बिल धंद्याचं आणि कर घरचा.

कागदपत्रं अॅपवर चढवताना पुढचा घोळ. ‘आपण कोण?’ या रकान्यात तीनच पर्याय होते: प्रोप्रायटर, पार्टनर, डायरेक्टर. विश्वस्त नावाचा प्राणी त्या अॅपच्या गावीच नव्हता. शेवटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या नानांना मी डायरेक्टर केलं. त्यांना ते इतकं आवडलं, की सेल्फी काढताना त्यांनी टोपी सरळ केली.

मी एकूण तीन कंपन्यांकडे चौकशी केली होती. सोमवारी पहिल्या कंपनीचा मुलगा निळा टी-शर्ट घालून आला, खिडकीतून खांब बघून गेला. बुधवारी दुसऱ्या कंपनीचा आला. टी-शर्ट केशरी, आत तोच मुलगा. शुक्रवारी तिसऱ्या कंपनीतर्फे तो स्वतःच्या चौकडीच्या शर्टात आला, तेव्हा मात्र मावशींनी न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला. (मावशी म्हणजे आमचं कार्यालय. बाकी आम्ही सगळे सह्या करतो.)

“अरे, तू नक्की कुणाचा?” मी विचारलं.

“काका, पेठेतली तार माझीच हाय,” तो बशीत चहा ओतत म्हणाला. “तुम्हाला कुठल्या रंगाचं बिल पायजे ते सांगा.”

तीन रात्री जागून मी तयार केलेला तुलनात्मक तक्ता त्या एका वाक्याने निकालात निघाला. तरी तो सभेपुढे ठेवला, कारण तक्त्याशिवाय ठराव होत नाही.

काकांनी मोबाईलच्या रिचार्जपासून सुरुवात केली. “अठ्ठावीस दिवस? महिना का नाही?”

“असंच असतं काका.”

काकांनी माझ्या तक्त्याच्या मागेच भागाकार केला. तीनशे पासष्ट भागिले अठ्ठावीस. “म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज! अहो, पंचांगातसुद्धा अधिक महिना अडीच-पावणेतीन वर्षांतून एकदा येतो. यांच्यात दरवर्षी धोंड्याचा महिना! आणि जावई कोण, तर कंपनी. आपण बसा अनारसे तळत.”

मी सांगितलं, की २०२२ मध्ये ट्रायनेच, म्हणजे दूरसंचार नियामकानेच, कंपन्यांना तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेचा निदान एकेक प्लॅन ठेवायला लावलाय. तो शोधावा लागतो एवढंच. दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेल्या डब्यासारखा असतो तो, मागितल्याशिवाय काढत नाहीत.

मग वेगाकडे वळलो. पोराने शंभर एमबीपीएस सांगितलं होतं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याने काकांचे कान भरले होते, की शंभर म्हणतात आणि प्रत्यक्षात बाराच येतं, फसवतात. आता इथे लहान बी आणि मोठा बी असा फरक आहे. कंपनी वेग सांगते बिटमध्ये, आणि फाइल उतरताना कॉम्प्युटर दाखवतो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभराचे साडेबारा होतात. मी हे शिक्षकी थाटात सांगायला लागलो, तर काकांनी हात वर केला. “म्हणजे भाव आण्यात सांगायचा आणि माल रुपयात मोजायचा. पुढं बोला.” १९५७ पूर्वीचं गणित शिकलेल्या माणसाला डिजिटल जग समजावणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

खरं तर वेगाची चर्चा करण्यात अर्थ नव्हता. आमचा कार्यालयीन कॉम्प्युटर चालू केल्यावर मावशी देवापुढे दिवा लावतात, झाडू मारतात, पाणी भरतात, आणि मग तो पासवर्ड विचारतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे फोटो, वीजबिल, आणि देणगीदारांची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवणारा १०बीडी फॉर्म, जो मे अखेरीस आम्ही सगळ्या देशाबरोबर शेवटच्या दिवशी भरतो. एवढ्यासाठी पोरगा तीनशे एमबीपीएसचा प्लॅन गळ्यात मारत होता. वर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं आणि त्या शब्दाला एक चांदणी. चांदणीचा माग काढत पानाच्या तळाशी गेलो, तर ३३०० जीबीनंतर वेग कमी. “एवढं आपण वापरू का?” नानांनी काळजीने विचारलं. मावशी म्हणाल्या, “पुढच्या पिढ्या वापरतील.”

स्वस्तातला प्लॅन पाचशे नव्याण्णवचा. काकांनी कर धरून त्याचे सातशे सहा रुपये ब्याऐंशी पैसे केले आणि ब्याऐंशी पैशांखाली रेघ मारली. ठराव होणार, एवढ्यात मावशींनी विचारलं, “नंबर हाच राहणार ना?”

तक्त्यात तो रकानाच नव्हता.

मोबाईलचं बरं असतं. १९०० वर एक मेसेज टाकायचा आणि नंबर बखोटीला मारून दुसऱ्या कंपनीत जायचं. देशभर २०११ पासून ती सोय आहे. लँडलाइनला नाही. कंपनी सोडली की नंबर माहेरीच राहतो. आणि आमचा नंबर तर परळीला, मेढ्याला आणि कोरेगावच्या त्या माडीवर होता. तो बदलायचा तर पेंटरला गावोगाव फिरवायचा, आजारी माणसाला खुर्चीतून उठवायचं आणि पाठीमागे रंग वाळेपर्यंत उभं करायचं. काकांनी पेंटरच्या एसटीभाड्याचा हिशेब सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. मी काकांना हिशेब अर्धवट सोडताना पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी जुन्याच कंपनीची फायबर जोडणी घ्यायची ठरली, म्हणजे नंबर कायम. तार जोडायला कोण आलं हे सांगायला नको. या वेळी टी-शर्ट हिरवा होता.

त्याने शेजारच्या शेवग्यावरून काळी तार ओढली, भिंतीवर पांढरी डबी ठोकली, डबीवर हिरवे दिवे लागले. आम्ही पेढे वाटले. सातारचे असल्याने आम्ही कंदी पेढे कशालाही वाटतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि फोन मेला. नाना चिडले. वीज गेल्यावर फोन जाण्याचा प्रकार त्यांच्या हयातीत घडला नव्हता. बरोबरच होतं. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडून अठ्ठेचाळीस व्होल्ट आपोआप येत असत, वीजमंडळाचा संबंधच नव्हता. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड येतो, वीज नाही. मग राउटरसाठी पुस्तकाएवढी बॅटरी आणली. काकांनी ती ‘जडवस्तू’मध्ये टाकली.

बॅटरी आली त्याच रात्री शेवग्याची फांदी पडली. डबीवर लाल दिवा लुकलुकायला लागला. पोराला फोन केला, तर तो लग्नाला वडूजला. चार दिवस कार्यालयात फोनची घंटा वाजली नाही. रात्री मला झोप येईना. कुठे कोणाला ऑक्सिजनचं मशीन हवं असेल, कोण खुर्चीवरचा नंबर लावून लावून थकलं असेल.

पाचव्या दिवशी सकाळी वकिलांच्या वहिनी स्वतः जिना चढून आल्या. हातात वकिलांच्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या, टाचणी लावलेल्या.

“तुमचा बंद दिसतोय,” त्या टेकत म्हणाल्या. “शेवटी एक लावून लागेना म्हणून सगळे नऊ लावत होते. घ्या. एअरबेड एक, कोरेगाव. वॉकर दोन. कुबड्या एक जोडी, उंची विचारून ठेवलीय, पाच फूट चार. एक व्हीलचेअर परत यायचीय, मेढ्याची. अनामत किती होती ते विसरलेत, पण चाक पिचलंय हे स्वतःहून सांगितलं.”

सतरा चिठ्ठ्या होत्या. मावशींच्या नोंदवहीतही इतकं नीट लिहिलेलं नसतं. मावशींनी चहा टाकला. काकांनी चिठ्ठ्या दोनदा चाळल्या आणि त्यांचा चष्मा हळूहळू कपाळावर गेला. चार दिवस, सतरा निरोप, खर्च शून्य.

“आमची अजून ती जुनी तांब्याचीच तार आहे,” वहिनी म्हणाल्या. “हे म्हणतायत, आपणही फायबर घेऊ. तुमचा अनुभव कसा आहे?”

मी तोंड उघडणार, तोच काका पुढे सरसावले.

“वहिनी, घाई करू नका,” ते म्हणाले. “निदान मार्चअखेरपर्यंत तरी थांबा.”