‘पहिला गुन्हा माफ’ असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

गेल्या काही दिवसांपासून आमच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर ‘कायदा जाणा, वकिलाचे पैसे वाचवा’, खाली सहा मुद्दे. पहिला गुन्हा माफ असतो, कोर्टात कबूल केलं की समज देऊन सोडतात. 21 वर्षांखालच्याला जेल होतच नाही. नव्या कायद्यात किरकोळ चोरीला फक्त झाडू मारायची शिक्षा. फिर्यादीने केस मागे घेतली की केस संपली. जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, त्यातही दिवस आणि रात्र वेगळे मोजतात म्हणून सातच. आणि फाशी सुनावल्यावर न्यायाधीशाने पेन मोडायचं, असा कायदा आहे.

एरवी असलं काही मी वाचत नाही. पण परवा अमळनेरकडून बहिणीचा फोन आला. “भाऊ, पहिला गुन्हा माफ ऱ्हास ना? मंग पोऱ्याले सांगस, कबूल करी टाक.”

पोरगा 19 वर्षांचा. शेतातल्या मोटारीची केबल चोरल्याच्या केसमध्ये आणखी दोघांबरोबर त्याचं नाव आलंय. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारं पोर. केबल त्याने कापली की मित्राच्या गाडीवर नुसता मागे बसला होता, हे अजून कोर्टापुढे यायचंय. आणि कोण कुठला मेसेज त्याला सांगतोय, कबूल कर म्हणून! मी वकील नाही, तालुका कोर्टातून निवृत्त झालेला कारकून आहे. पण “गुन्हा कबूल आहे का?” या प्रश्नाला मान डोलावून मोकळी झालेली आणि पुढे नोकरीच्या वेळी निकालाची नक्कल मागायला खिडकीशी आलेली पोरं मी पाहिली आहेत. तेव्हा त्यांना कळायचं की आपण सुटलो होतो, पण दोषी ठरून.

या मेसेजमधला खरा विषारी मुद्दा हाच. ज्याला लोक प्रोबेशनचा कायदा म्हणतात तो म्हणजे 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. छोटासा कायदा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो. त्याचं कलम 3 म्हणतं की चोरी, फसवणूक असे नावानिशी दिलेले काही गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे असतील, आणि आधी दोष सिद्ध झालेला नसेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. कलम 4 म्हणतं की फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घेऊन सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. दोन्ही कलमांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते: आरोपी दोषी ठरल्यावर. म्हणजे आधी ‘दोषी’ हा शिक्का, मग शिक्षेचं काय करायचं याचा विचार. आणि तोही कोर्टाला योग्य वाटलं तर. गुन्ह्याचं स्वरूप, पोराची चालचलणूक, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आलेला असेल तर तो, हे सगळं बघून. कबुली दिली म्हणून बंधपत्रावर सोडायला कोर्ट बांधलेलं नाही. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि कबुली दिली म्हणून ती टळतेच असं नाही.

बरं, दिलं बंधपत्र. मग ‘माफ’ झालं का? त्या मुदतीत कोर्टाने बोलावलं की हजर व्हायचं, शांततेने राहायचं. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा हुकूम निघाला तर ती किमान एक वर्षाची. अट मोडली तर कलम 9 प्रमाणे मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा पुढ्यात येते. (पहिल्यांदाच मोडली असेल तर कोर्ट 50 रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं. 1958 चे 50 रुपये, अजून तसेच.) शिवाय कलम 5 खाली ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायला लावता येते. माफीत हे सगळं येतं होय?

कलम 12 बद्दल मात्र थोडं मान्य करायला हवं. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, असं ते कलम सांगतं. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धवट ऐकलेलं हेच असावं. पण सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केलंय की परिवीक्षेने दोष पुसला जात नाही, आणि ज्या वागण्याबद्दल दोषी ठरला त्यासाठी त्याचं नोकरीचं खातं कारवाई करू शकतं. म्हणून भाच्याची काळजी वाटते. भरतीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्यांची माहिती विचारतात. लिहिली तर छाननीत प्रश्न, लपवली तर त्याहून मोठं लचांड.

21 वर्षांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, आणि हे कबूल करताना माझ्या जिवावर येतंय. कलम 6 सांगतं की 21 वर्षांखालच्या दोषी व्यक्तीला परिवीक्षेवर सोडणं का योग्य नाही याची कारणं लिहिल्याशिवाय कोर्टाने तुरुंगवास देऊ नये, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. तरतूद चांगली आहे. पण ‘होतच नाही’ हे चूक, कारणं लिहून जेल होऊ शकते. ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला हे कलम लागूच नाही. आणि वय कोणत्या दिवसाचं धरायचं? रामजी मिसर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्ट शिक्षेचा निर्णय करतं त्या दिवसाचं, गुन्हा घडला त्या दिवसाचं नव्हे. आता आमच्याकडे तारखा कशा पडतात ते मी सांगायला नको. साक्षीदार आला नाही, पंच फितूर झाला, साहेब रजेवर. 19 चा पोरगा निकालापर्यंत 22 चा होतो आणि कलम 6 हातातून जातं.

आणि गांजाच्या बाबतीत तर हा मेसेज एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त करेल. शिरपूर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गांजा पकडल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. ‘पहिलीच खेप आहे, पकडलास तरी काही होत नाही’ असं सांगून पिशवी हातात देणारा माणूस हा मेसेज पुरावा म्हणून दाखवेल. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याचं कलम 33 उघडून बघा. 18 वर्षं पूर्ण झालेल्याला, स्वतः सेवन करण्यासारखे एक-दोन गुन्हे सोडले, तर परिवीक्षेचा कायदा तिथे लागूच होत नाही. पहिली खेप असो की दहावी.

आता झाडू मारायची शिक्षा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली, हे खरं. चोरीत ती कुणाला? माल 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा, दोष पहिल्यांदाच सिद्ध होतोय, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर. विहिरीपासून विजेच्या डीपीपर्यंतची तांब्याची केबल 5000 च्या आत कशी बसवणार? आणि सामुदायिक सेवा हीसुद्धा शिक्षाच आहे, दोषी ठरल्यावरच मिळणारी.

गंमत अशी की ज्या मुद्द्यावर मी सगळ्यात आधी हसलो, त्यातच बहिणीच्या कामाची गोष्ट निघाली. फिर्यादीने केस मागे घेतली की संपली, हे सरसकट म्हणणं खोटं आहे. गुन्हा दाखल झाला की खटला सरकार चालवतं. फिर्यादीला वाटलं म्हणून खून, दरोडा, बलात्काराची केस मिटत नाही. पण काही गुन्ह्यांत कायदाच तडजोड करू देतो. त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम 359 मध्ये आहे, आणि चोरी त्यात येते, ज्याचा माल गेला त्याच्या संमतीने. अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. कबुली देऊन मिळतो तो दोषाचा शिक्का, तडजोडीने मिळते ती मुक्तता. ज्याची केबल गेली तो शेतकरी गावातलाच आहे. त्याचं नुकसान भरून द्यायची बोलणी वकिलामार्फत करता येतील, अर्थात तो तयार असेल तर. त्याच्या केळीला ऐन उन्हात पाणी मिळालं नाही, हेही विसरू नका.

जन्मठेपेवर फार वेळ घालवत नाही. गोपाळ गोडसे प्रकरणात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय, जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, सरकारने शिक्षा कमी केली नाही तर. 14 हा आकडा किमान मर्यादेचा आहे. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर 14 वर्षं प्रत्यक्ष काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. त्यानंतर सोडलंच पाहिजे असं कुठे नाही. दिवस-रात्र वेगळे मोजणाऱ्याला एवढंच विचारा, की रात्री कैदी घरी जेवायला जातो का?

पेन मोडणं ही काही न्यायाधीशांची रीत, कायदा नव्हे. पुढे.

राहिलं मेसेजचं शीर्षक, वकिलाचे पैसे वाचवा. वाचवायचेच असतील तर त्याचीही सोय आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. आपल्याकडच्या भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांना तर उत्पन्नाची अटही नाही. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे. बहिणीला मी तिकडेच पाठवलंय, आणि वकील भेटेपर्यंत पोराने कोर्टात कबुलीचा शब्द काढायचा नाही, असं बजावलंय.