पीआर शिकायचंय? कान घरी ठेवून या

ठाण्यात राहून पब्लिक रिलेशन्स, म्हणजे पीआर, म्हणजेच जनसंपर्क शिकायला कॉलेजात फी भरताय म्हणजे कमालच आहे तुमची. नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत फिरून या, दर दोन गल्ल्यांआड एक 'जनसंपर्क कार्यालय' दिसेल, वर हात जोडलेला फोटो, आत चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शटर अर्धं खाली. जन बाहेर, संपर्क आत. पहिला धडा फुकटात झाला की नाही? पण तुम्हाला डिग्रीच पाहिजे. बरं. मी घेतलीय, त्यामुळे चार हिताच्या गोष्टी सांगतो, ऐका. म्हणजे ऐकू नका, ऐकायची सवय या धंद्यात बरी नाही, त्यावर येतोच.

पहिल्या लेक्चरला व्याख्या येईल, संस्था आणि तिचं पब्लिक यांच्यात परस्पर हिताचं नातं जोडणं, टिकवणं वगैरे. यातला 'परस्पर' शब्द तेवढा घोटून पाठ करा, पुढे नोकरीत हाच कामाला येतो, निर्णय परस्पर घ्यायचा, परस्पर जाहीर करायचा आणि लोक बोंबलले की प्रेस नोट काढायची. हिताचं नंतर बघू.

मग इतिहास. आयव्ही ली नावाचा अमेरिकन माणूस, मूळचा पत्रकार. 1906 मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात पडली, 50 च्या वर माणसं गेली. तोपर्यंत रीत अशी की अपघात झाला की कंपनीने तोंडाला कुलूप लावायचं, पत्रकारांना जवळ फिरकू द्यायचं नाही. या लीने काय करावं, झालं ते कंपनीतर्फे लिहून पेपरवाल्यांना दिलं आणि वर त्यांना खास गाडीने अपघाताच्या जागी नेलं! प्रेस रिलीज नावाची वस्तू तिथून सुरू झाली असं सगळी पुस्तकं सांगतात. त्याच वर्षी त्याने जाहीरनामा पण काढला, आमचं काम उघड उघड चालणार, माहिती खरी देणार, तुम्हाला तपासायची असेल तर मदत पण करणार. हे 5 मार्कांना येतं, लिहा आणि विसरून जा. त्यापेक्षा पुढचं लक्षात ठेवा, 1914 मध्ये अमेरिकेतल्या लुडलोला संपकरी खाणकामगारांवर गोळीबार झाला, तंबू जाळले, बायकापोरं मेली, आणि खाणीचे मालक रॉकफेलर यांची बाजू सावरायला गेलं कोण तर हाच ली. लोक त्याला 'पॉयझन आयव्ही' म्हणायला लागले. जाहीरनामा काढणारा माणूस आणि बिल काढणारा माणूस एकच असला की असं होतं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

पण तुमचं खरं दैवत एडवर्ड बर्नेज, अमेरिकन पीआरमधलं दुसरं मोठं नाव. मनाचं विश्लेषण करणारा तो प्रसिद्ध डॉक्टर फ्रॉइड त्याचा सख्खा मामा, आणि मामाची बायको ही बर्नेजच्या वडिलांची बहीण, म्हणजे मामी पण तीच आणि आत्या पण तीच. (हे नातं सांगितलं की आमच्या आजीला पीआर लगेच समजला, मला तीन वर्षं लागली.) एवढं जवळचं कनेक्शन असल्यावर माणसाच्या मनात काय चाललंय याचा धंदा करायचा नाही तर काय करायचं. 1929 च्या ईस्टरला त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तरुण पोरींना सिगारेटी ओढत चालायला लावलं आणि त्या सिगारेटींना नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. पैसे तंबाखू कंपनीचे, बातमी स्त्रीस्वातंत्र्याची. आणि घरी हाच गृहस्थ बायकोची सिगारेट सुटावी म्हणून तिच्या सिगारेटी मोडून संडासात टाकायचा. स्वतः 103 वर्षं जगला. मला विचाराल तर अख्ख्या अभ्यासक्रमात वाचण्यासारखं एवढंच आहे.

दुसऱ्या युनिटला ग्रुनिग आणि हंट हे पीआरचे दोन अभ्यासक येतात, 1984 चे, संस्था लोकांशी कशी बोलते याची त्यांची चार मॉडेल्स. यासाठी पुस्तक घेऊ नका, घोडबंदर रोडला एक चक्कर मारा. पहिलं मॉडेल म्हणजे नुसता गाजावाजा, खरंखोटं गौण. चौकाचौकात वाढदिवसाचं बॅनर असतं ना, मधे दादा गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं पासपोर्ट साइजमध्ये, ते. दुसरं म्हणजे एकतर्फी माहिती, 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे.' तिसऱ्यात लोकांचं ऐकतात, पण कशासाठी तर त्यांना कसं वळवायचं ते कळावं म्हणून. इमारत रीडेव्हलपमेंटला जायची असली की बिल्डरची माणसं घरी येतात, आजींच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि जाताना लिफ्टचं ब्रोशर ठेवून जातात, हे तिसरं. चौथ्या मॉडेलमध्ये म्हणे संस्था लोकांचं ऐकते आणि गरज पडली तर स्वतः पण बदलते. माझ्या नोट्समध्ये त्या जागी मॅडमचं वाक्य आहे, 'हे आदर्श मॉडेल आहे, उदाहरण तुम्ही शोधा.' शोधतोय.

परीक्षेत क्रायसिस मॅनेजमेंटचा प्रश्न आला की 1982 चं टायलेनॉल लिहा, हे अमेरिकेतलं दुखणं थांबवायचं औषध, शिकागोकडे कोणीतरी त्याच्या गोळ्यांमध्ये सायनाइड घातलं, सात माणसं मेली, कंपनीने देशभरातून 3 कोटींच्या वर बाटल्या परत घेतल्या. पेपर तपासणारे खूश होतात. नोकरीत मात्र चुकूनही बोलू नका. मी इंटर्न असताना एका क्लायंटचा माल खराब निघाला तेव्हा मीटिंगमध्ये हे बोललो होतो, सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच सायनाइड घालून आलोय. शेवटी काय ठरलं, तर कमेंट बंद करायच्या आणि सीईओंचा झाड लावतानाचा फोटो टाकायचा.

आता इंटर्नशिपचं विचारताय तर तिथे दोनच स्किल लागतात. एक, 'सर मेल मिळाला का' हे वाक्य दिवसाला साठ पत्रकारांना न लाजता विचारता येणं. दोन, पट्टी. होय, बारा इंचाची, कंपासपेटीतली. छापून आलेली बातमी पट्टीने मोजायची, तेवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते ते काढायचं आणि क्लायंटला सांगायचं की एवढी किंमत तुम्हाला मिळाली. याला एव्हीई, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग व्हॅल्यू इक्विव्हॅलन्सी म्हणतात. 2010 मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी बार्सिलोनाला जमून ठराव केला की हा आकडा म्हणजे पीआरची किंमत नव्हे. आमच्या ऑफिसात ही बातमी बहुतेक अजून पोचायचीय, कारण आम्ही तो आकडा वर तीनने गुणायचो. का? बातमीवर लोक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात म्हणून. विश्वास नेमका तिप्पट कसा हे मी एकदाच विचारलं.

एवढं शिकून घरी आलो तर सोसायटीचे सेक्रेटरी काका दारात. 'तू ते जनसंपर्काचं केलंयस ना, पाण्याची नोटीस लिही.' मी जीव ओतून लिहिली, टाकी साफ करायचीय, पाणी इतके ते इतके बंद, टँकर चार वाजता, अडचण असेल तर अमुक नंबर. अगदी आयव्ही ली. काकांनी नंबर खोडला ('लोक फोन करतील रे!'), टँकरची वेळ खोडली ('नाही आला तर?') आणि वर 'सुप्रभात' आणि गुलाबाचं फूल टाकून ग्रुपवर पाठवली. एकशे अकरा लोकांनी उलट गुलाब पाठवले.

वॉचमनने ग्रुप बघितला नव्हता, त्याच्याकडे साधा फोन आहे. तो सकाळी एकेक बेल वाजवत सात मजले चढला, पाणी कधी जाणार ते सांगितलं आणि कोणाला कधी लागतं ते विचारत गेला. तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण आहे कळल्यावर त्याने पंप अर्धा तास आधी चालू केला. मी दार उघडलं तर मला म्हणाला, 'साहेब, तुम्ही बादल्या भरल्या का? नोटीस लागली होती म्हणे कुठेतरी.'