पाच मिनिटांचं काम म्हणे!

लॅबमधल्या तापमान मोजायच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये छापलंय, सेन्सर जोडायचं कार्ड बसवायला पाच मिनिटं. लिहिणाऱ्याने जन्मात एकदा तरी हा डबा स्वतः उघडला होता का? माझा अख्खा शनिवार गेला!

वरचं झाकण काढा म्हणतात, आणि त्याच झाकणाच्या स्क्रूवर स्टिकर: सील तोडल्यास वॉरंटी रद्द. मग कार्ड काय बाहेरून चिकटवू? फोन केला तर "सर, मेल टाका." मेलचं उत्तर यायला चार दिवस. उत्तर काय, तर "तोडा."

आतली रिबन केबल इतकी आखूड की कार्ड एका हातात अधांतरी धरायचं, दुसऱ्या हाताने कनेक्टर दाबायचा. स्क्रू धरायला तिसरा हात कुठून आणू? त्यात अंगातल्या स्थिर विजेने कार्ड जळू नये म्हणून मनगटाला स्टॅटिकचा पट्टा, खुंटीला बांधलेल्या बैलासारखा. स्क्रू सुटला तो थेट ट्रान्सफॉर्मरखाली. सात-आठ किलोचं ते धूड उलटं करून खुळखुळ्यासारखं हलवलं. पडला, पण दुसराच स्क्रू! कुणाचा, कधीचा, देव जाणे. माझा निघाला अर्ध्या तासाने, चिमट्याने.

कसंबसं बसवून चालू केलं, तर चॅनलवर आकडाच नाही. कार्ड कारखान्यातूनच डायोडवर, म्हणजे वेगळ्याच जातीच्या सेन्सरवर सेट. डायोडला करंट १० मायक्रोअँपिअर, आमच्या पीटी-१०० ला, म्हणजे प्लॅटिनमच्या सेन्सरला, लागतो १ मिलिअँपिअर, शंभर पट. हे बदलायची छोटी पिन, जंपर, कुठे? कार्डाच्या खालच्या बाजूला! हे मॅन्युअलमध्ये आधी लिहायला काय जात होतं? पुन्हा झाकण, पुन्हा पट्टा, पुन्हा तोच तमाशा.

संध्याकाळी सेन्सर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. यायला हवं ७७ केल्विनच्या आसपास, दाखवतंय ८२. डोकंच फिरलं. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा कळलं, आमच्याच कुणा आधीच्या महाभागाने चार तारा (दोन करंटला, दोन व्होल्टेज मोजायला, म्हणजे तारेचा रोध मोजण्यात येत नाही) सेन्सरपर्यंत नेल्याच नाहीत. दोनच नेल्या आणि कनेक्टरपाशी जोडून 'फोर वायर' केलं! जाऊन-येऊन तारेचा रोध २ ओहम. तिथे सेन्सरच अंशाला जेमतेम ०.४ ओहम बदलतो, म्हणजे पाच अंश तारेनेच खाल्ले. बरं, हे इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही? सगळे आकडे वहीत उतरवून मोकळे!

आता नव्या तारा ओढायच्या म्हणजे क्रायोस्टॅट, सेन्सर ज्यात बसलाय ते थंड ठेवायचं भांडं, उघडणं आलं, व्हॅक्यूम सोडणं आलं, परत दोन दिवस पंप लावून बसणं आलं. आणि सरांचा मेसेज: "कार्ड बसलं ना? सोमवारी डेटा दे."