कर्नल संतोष महाडिक यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवलं नव्हतं

१७ नोव्हेंबर हा काश्मीरमध्ये शहीद झालेल्या कर्नल महाडिकांचा स्मृतिदिन. तो जवळ आला की आमच्या साताऱ्याकडच्या ग्रुपवर त्यांचे फोटो फिरू लागतात. मरून रंगाची टोपी आणि खाली ‘अमर रहे’. मीही ते पुढे पाठवतो. पण त्यासोबत एक वाक्य हमखास येतं, ‘देशासाठी संसारावर तुळशीपत्र ठेवलं’. ते मला पटत नाही. आज त्याबद्दल लिहायचंच होतं.

संतोष महाडिक पोगरवाडीचे. १९७७ चा जन्म. जन्माने घोरपडे, आजोळी दत्तक गेले म्हणून महाडिक. म्हणजे दोन घरांचा मुलगा. शिकले साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिकी शाळा, आणि आजही आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या घरात पोराने तिथली प्रवेश परीक्षा काढली की पेढे वाटतात. तिथे फुटबॉल, बॉक्सिंग, घोडेस्वारी. पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्सेस, म्हणजे सैन्याची कमांडो पलटण. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची, म्हणून तिला ‘वाघनख’ म्हणतात. ईशान्य भारतातल्या कारवाईसाठी २००३ मध्ये सेना पदक मिळालं.

मग आली ४१ राष्ट्रीय रायफल्सची कमांड. राष्ट्रीय रायफल्स म्हणजे अतिरेक्यांशी लढणारं सैन्याचं खास दल. तीही मराठा पलटणच, काश्मीरमधल्या कुपवाड्यात. कमांडिंग ऑफिसर म्हणजे शेकडो जवानांचा कर्ता माणूस. कुणाची रजा अडली, कुणाच्या घरी बहिणीचं लग्न आहे, कुणाचा बांधावरून भाऊबंदकीत वाद सुरू आहे, सगळं शेवटी त्याच्याच टेबलावर येतं. कुपवाड्यातल्या तरुणांना खेळाकडे आणि कामधंद्याकडे वळवण्यासाठीही महाडिक साहेब धडपडत होते. घर सांभाळणाऱ्या माणसाचाच हा स्वभाव आहे, असं मला ठामपणे वाटतं. स्वतःच्या मुलांवर जीव असलेल्यालाच दुसऱ्याच्या पोरांची काळजी कळते.

कुपवाड्यातल्याच मणिगाह, हाजी नाक्याकडच्या दाट जंगलात अतिरेक्यांचा शोध सुरू होता. कमांडिंग ऑफिसरने मागे थांबून रेडिओवरून सूत्रं हलवली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ते पुढे गेले. १७ नोव्हेंबर २०१५ ला गोळी लागली, आणि ते गेले. वय ३८. त्याच वर्षी जानेवारीत ४२ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल एम. एन. राय काश्मीरमधल्याच त्रालमध्ये असेच पुढे राहून गेले होते. एका वर्षात दोन कमांडिंग ऑफिसर! पुढे महाडिक साहेबांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं.

पोगरवाडीत अंत्यसंस्काराला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले होते. गर्दी, घोषणा, कॅमेरे. आपली आठवण बहुतेक तिथेच थांबते.

खरं तर या घराची गोष्ट तिथून पुढे बघायला हवी. पदरात दोन लहान मुलं असताना साहेबांच्या पत्नी स्वातीताईंनी सांगितलं की मी सैन्यात जाणार. साहेबांचं वर्दीवर प्रेम होतं, म्हणून ती वर्दी मी घालणार. शहीदांच्या पत्नींना असलेली ३५ वर्षांची मर्यादा त्यांनी ओलांडली होती, त्यासाठी खास सवलत द्यावी लागली. मुलांना निवासी शाळेत ठेवून त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झाल्या. जवळपास वर्षभर पहाटेची धाव, ड्रिल, फायरिंग, तेही विशी-पंचविशीतल्या मुलींच्या बरोबरीने. ९ सप्टेंबर २०१७ ला त्या लेफ्टनंट झाल्या.

ज्याने संसार टाकला, त्याच्या पश्चात त्याची बायको त्याचीच वाट धरेल का? ज्या घराला वर्दीने फक्त लुबाडलं, ते घर पुन्हा वर्दीच्या दारात उभं राहील का? मला तरी शक्य वाटत नाही. राष्ट्रीय रायफल्सच्या पोस्टिंगवर कुटुंब सोबत नेता येत नाही. महिनोन्महिने फोनवरचा संसार. तरीही साहेबांनी त्या घरात वर्दीबद्दल कडवटपणा येऊ दिला नाही. हे घरी असताना मनापासून घरी असणाऱ्या माणसालाच जमतं.

म्हणून या वर्षी फोटो टाकाल तेव्हा ते तुळशीपत्राचं वाक्य कृपा करून गाळा. स्वातीताईंचा उल्लेख नुसता ‘वीरपत्नी’ म्हणून करू नका, त्यांचा हुद्दाही लिहा. आणि आपल्या गावात कुणी जवान रजेवर आला असेल तर त्याला सत्काराच्या स्टेजवर तासन् तास बसवू नका. मोजकीच रजा असते. ती त्याला घरच्यांसोबत घालवू द्या.