स्टॅबिलायझर नको म्हटलं, त्याबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि चांगली तिखटही, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा. गेल्या महिन्यात मी पहिलं शिकारी कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य घेतल्यावर त्यावर काय काय लावावं, याबद्दल लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, मी नवख्यांना चिकटपणा शिकवतोय. स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी पुढची दांडी) नको, पाच पिनांची साइट (नेम धरायचं कडं) नको, उघडणारं ब्रॉडहेड (लागताच पाती उघडणारं तिराचं टोक) नको, आणि धनुष्याशी काडीचा संबंध नसलेल्या हार्नेसवर (झाडावर बसताना अंगाला बांधायच्या पट्ट्यांवर) मात्र शंभर-सव्वाशे डॉलर घाला! "ओजस देवतळेच्या धनुष्याकडे एकदा नीट बघा आणि मग बोला," असंही तुम्ही सुनावलंय. शिवाय नवख्यानेही ड्रॉप-अवे रेस्टच लावावा असं मी जे लिहिलं ते साफ चूक आहे, म्हणता.

या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात.

ड्रॉप-अवे रेस्ट म्हणजे तीर सुटताच खाली पडणारा आधार. तो एका बारीक दोरीने धनुष्याच्या केबलला बांधलेला असतो. ती गाठ दोन सूत सरकली की आधार उशिरा पडतो, तिराची पिसं त्याला घासतात आणि तीर कुठेही जातो. नवख्याला वाटतं, आपला हात हलला. तो बिचारा महिनाभर हात सुधारत बसतो आणि दोष असतो गाठीत. त्यापेक्षा केसाळ कड्याचा तो रेस्ट, ज्याला इथे सगळे 'बिस्कीट' म्हणतात, तो साधा. तीर कड्यातून आरपार ओवायचा, चारही बाजूंनी केस त्याला धरून ठेवतात. धनुष्य तिरकं झालं, थंडीने हात कापला, तरी तीर घसरत नाही. वेग किंचित कमी होतो आणि बर्फाळ पावसात केस गोठतात, एवढंच. मी स्वतः पाचव्या वर्षी ड्रॉप-अवेवर गेलो आणि पहिल्या वर्षी आपली काय अवस्था होती ते विसरून सल्ला दिला. ती ओळ बदलतो.

आता ओजस. नागपूरच्या या पोराने २०२३ साली बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मारले, आणि त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तेव्हा इथे मिशिगनमध्ये माझ्या ओळखीच्या अमेरिकन धनुर्धाऱ्यांना मी आठवडाभर पिडलं होतं. त्यामुळे त्यांच्या धनुष्यांकडे मी नीटच बघितलंय. पण कंपाउंडच्या त्या स्पर्धेत अंतर ५० मीटर. काल ५०, आज ५०, उद्याही ५०. दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं. दिवसाचा उजेड, सपाट जमीन, दोन्ही पाय घट्ट रोवलेले. त्या कामासाठी त्यांच्या धनुष्याला पुढे लांबलचक दांडी असते, साइटला मोठं दिसणारं भिंग असतं आणि दोरीतल्या पीपचं, म्हणजे ज्यातून डोळा लावून बघायचं त्या कड्याचं, भोक अगदी बारीक असतं. त्यातली एकेक वस्तू त्या ५० मीटरसाठी घासूनपुसून निवडलेली आहे. आपलं जनावर मात्र १२ यार्डांवरून येईल की ३५, उजवीकडून येईल की आपल्याच झाडाखालून, हे आधी कळत नाही. येतं तेही सूर्य मावळल्यावर.

स्टॅबिलायझरचं गणित तर सरळ आहे. वजन मुठीपासून जितकं लांब, तितकं ते धनुष्याला वळू देत नाही, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच वजन ३० इंचांवर लावलं तर ८ इंचांवर लावण्यापेक्षा सुमारे चौदापट काम करतं. झाडावर बसून ३० इंचांची दांडी कुणी वागवू शकत नाही, फांदीत अडकते. मग दुकानदार नवख्याला सहा-आठ इंची दांडी विकतो. ती थरथर थोडी जिरवते, भाता एका अंगाला लटकतो त्याचा तोल थोडा सांभाळते. वाईट नाही. पण धनुष्य, साइट, रेस्ट, भाता, तीर मिळून आधीच सहा पौंडांच्या आसपास वजन झालेलं असतं. त्यात भर टाकण्याआधी ते पैसे चांगल्या रिलीजवर घालावेत, हे माझं मत कायम. तीर सुटण्याच्या क्षणी बोट ज्याला लागतं ती वस्तू रिलीज आहे. मनगटाला पट्टा बांधून तर्जनीने दाबायचा साधा प्रकार घ्यावा, पट्टा बकलाचा असावा, म्हणजे रोज त्याच भोकात बसतो आणि हात रोज तेवढाच ताणला जातो.

पाच पिनांबद्दल मात्र मला माझी फजिती सांगावीच लागेल. ती मूळ लेखात लाजेपोटी लिहिली नव्हती.

पहिल्या वर्षी मी एका दुकानातून सगळं लावून तयार असलेलं धनुष्य घेतलं. साइटला पाच पिना, एकेका अंतरासाठी एक, २० पासून ६० यार्डांपर्यंत. दोरीत पीप बसवला होता तो इंचाच्या आठव्या भागाचा, म्हणजे जवळजवळ स्पर्धेचा. घरामागच्या हिरवळीवर दुपारी तीन वाजता सगळं झकास दिसायचं. मिशिगनमध्ये सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला परवानगी असते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटं उरली असताना एक मादी ओकच्या झाडांमधून आली आणि वीस-एकवीस यार्डांवर आडवी उभी राहिली. मी धनुष्य ताणलं, पीपमधून बघितलं, तर समोर काळोख. डोळा जरा बाजूला केला तर हरीण स्पष्ट दिसतंय, पीपमधून मात्र गोधडीत डोकं घातल्यासारखं. मग हळूहळू पिनांचे काजव्यासारखे ठिपके उमटले. हिरवा, लाल, हिरवा. वरून पहिला हिरवा कुठला आणि तिसरा कुठला, हे ठरवायला मला तेवढा धीर उरला नव्हता. मी चाळीसची पिन लावली. लांबची पिन लावली की धनुष्य वर उचललं जातं, त्यामुळे तीर तिच्या पाठीच्या बोटभर वरून गेला आणि पलीकडे पाचोळ्यात घुसला. ती दोन उड्या मारून थांबली, माझ्या झाडाकडे वळून बघितलं आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवून गेली. चूक दोन बोटं कमी असती तर तीर कण्याच्या वर, मांसात लागला असता आणि मी रात्रभर जखमी जनावर शोधत फिरलो असतो. माझं नशीब की चूक मोठी होती.

त्यानंतर मी पाव इंचाचा पीप बसवून घेतला. साइट अशी निवडली की तिचं गोल कडं पीपच्या भोकात बरोब्बर बसावं. दोन वर्तुळं एकात एक बसली की डोळा आपोआप मध्यावर येतो. आणि पिना ठेवल्या तीन. वीस, तीस, आणि चाळीसची फक्त सरावासाठी.

तुम्ही म्हणता, चाळीसच्या पुढे मारता येत असेल तर का नाही मारायचं? मारता येतं, मान्य. पण आवाजाचा हिशेब करून बघा. साधारण बांध्याच्या शिकाऱ्याचा तीर सेकंदाला २७० फुटांच्या आसपास जातो, तर आवाज ११०० फुटांहून जास्त. चाळीस यार्ड म्हणजे १२० फूट. तिराला लागतात ०.४४ सेकंद, दोरीचा आवाज पोचतो ०.११ सेकंदात. उरलेला एक तृतीयांश सेकंद हरणाचा. दचकलेलं व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) उडी मारण्यासाठी आधी गुडघे मोडून खाली दबतं, आणि काळजावर नेम धरलेला तीर पाठीवरून जातो. वीस यार्डांवर त्याच्या हाती यातला निम्माच वेळ उरतो. फळीवर चाळीस यार्डांवरून तुमचे पाचही तीर बशीत बसत असतील, पण फळी दबत नाही. शिकारी धनुष्यावर काय लावायचं हे मी एकाच कसोटीवर ठरवतो: या वस्तूने माझं अंतर वाढतंय की माझी चूक कमी होतेय? नवख्याने पहिली दोन वर्षं फक्त दुसऱ्या जातीच्या वस्तू घ्याव्यात.

कोनाचा हिशेब करून देणाऱ्या महागड्या रेंजफाइंडरचंही तसंच. कोलोरॅडोच्या उतारावर एल्क या मोठ्या हरणामागे जाणार असाल तर जरूर घ्या. तिथे धनुष्यावर बॅटरीची साइट चालत नाही हेही लक्षात असू द्या; नियम राज्याराज्यात बदलतात, त्या वर्षाचं नियमपुस्तक वाचूनच खरेदी करावी. पण सपाट जमिनीवर २० फूट उंच झाडावर बसलात आणि जनावर बुंध्यापासून २० यार्डांवर असलं, तर तिरकं अंतर भरतं २१ यार्ड. एका यार्डाच्या फरकासाठी ज्यादा पैसे! साधा रेंजफाइंडर घ्या, उजेड असताना चार-पाच झाडांची अंतरं मोजून ठेवा, झालं.

ब्रॉडहेडवरून तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात, आणि तिथे आपण दोघं वेगवेगळ्या शिकारींबद्दल बोलतोय असं मला वाटतं. तुम्ही टेक्सासात, फीडरपासून (जनावरांना दाणा टाकणाऱ्या डब्यापासून) मोजलेल्या अंतरावर तंबूत बसता, ३० इंचांचा ड्रॉ (दोरी मागे ताणायची लांबी), ताणायचं वजन ७० पौंड. त्या धनुष्याला दोन इंच उघडणारी पाती पेलतात. (तंबूच्या जाळीतून मात्र ती मारू नका, जाळीतच उघडतात.) माझा लेख वाचून मला पत्रं लिहिणारे बहुतेक जण आपल्या उंचीचे. दोन्ही हात पसरून बोटांपर्यंतची लांबी मोजायची आणि अडीचने भागायचं, तो साधारण ड्रॉ. ती लांबी ६५ इंच असेल तर २६ इंच. खुर्चीत बसून, पाय उचलून, धनुष्य आभाळाकडे न नेता हळू ताणता येईल तेवढंच वजन ठेवायचं, म्हणजे बऱ्याच जणांचे ५० पौंड होतात. या धनुष्यातून ४०० ग्रेनचा (ग्रेन हे तिराच्या वजनाचं माप) तीर सेकंदाला २३० फुटांनी सुटला असं धरा. ऊर्जा भरते ४७ फूट-पाउंड. हरणाला पुरेशी आहे, पण उधळायला नाही. पाती उघडण्यात आणि रुंद जखम करण्यात ती खर्च झाली की तीर आत अडकतो. झाडावरून मारलेल्या तिराची आत जायची जखम उंचावर असते आणि बाहेर पडायची खाली. रक्त सांडतं ते खालच्या जखमेतून. ती झालीच नाही, तर पाचोळ्यावर माग कशाचा काढणार? म्हणून १०० ग्रेनचं, न उघडणाऱ्या पात्यांचं ब्रॉडहेड. मिशिगनच्या नियमाप्रमाणे ते किमान ७/८ इंच रुंद लागतं, बाजारातली बहुतेक त्यात बसतात. सरावाच्या टोकाबरोबर ते त्याच जागी लागत नसेल, तर साइट हलवून ती तक्रार दाबू नका. धनुष्य ट्यून झालेलं नाही हे ते तुम्हाला सांगतंय. उघडणारं पातं हे सांगत नाही, पोटात ठेवतं.

हार्नेसबद्दल मी वाद घालणार नाही. तुम्ही जमिनीवर बसता, आम्ही २० फुटांवर. जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत दोरीला बांधलेलं असायचं, आणि धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं. माझ्या हिशेबी हार्नेस ही धनुष्याचीच ॲक्सेसरी आहे, आणि यादीत पहिली.

खाली आणखी एका वाचकांनी विचारलंय की मराठीत शिकारीचं हे कौतुक कशाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असावी असंच माझं मत आहे. हे लिहितो ते इथे राहून, परवाना काढून, डीप फ्रीझर भरणाऱ्या मराठी माणसांसाठी. योगायोगाने त्याच १९७२ साली अमेरिकन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने इथे धनुष्यांवर आणि त्यांच्या साहित्यावर ११ टक्के कर बसला, जो केंद्र सरकारमार्फत राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तेव्हा दुकानदाराने गळ्यात मारलेल्या त्या पाच पिनांमधलेही काही पैसे हरणांच्या कामी आले म्हणायचे.

तुम्ही मेहुण्यासाठी विचारलं होतं: २६ इंच, ५० पौंड, तीर कुठला? पौंडामागे किमान ७ ग्रेन धरा, म्हणजे ३५०, पण ४०० च्या आसपास गेलात तर धनुष्य आवाजही कमी करतं. नळीचा ताठरपणा मात्र अंदाजाने घेऊ नका, तिराची लांबी आणि टोकाचं वजन सांगून कंपनीच्या तक्त्यात बघा. ताठरपणाचा आकडा जितका लहान तितकी नळी ताठ, यात नवखे उलटं समजतात. आणि एक काम माझ्यासाठी करा. आज सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी त्यांना अंगणात उभं करा, तीर चढवून सरावाच्या फळीसमोरच धनुष्य ताणायला लावा, आणि पीपमधून किती पिना वेगळ्या मोजता येतात ते विचारा. आकडा इथे खाली लिहा, मग पुढचं बोलू.