कृतज्ञ माणसाच्या मागचा नंबर

पोटात पांढरा रस्सा आहे, म्हणजे राग उतरला असणार, असं घरच्यांचं मत आहे. उतरलेला नाही. ३१ डिसेंबरला सकाळी मटणाच्या रांगेत माझ्यापुढं एक कृतज्ञ माणूस उभा होता आणि त्याच्या कृतज्ञतेपायी मला मांडीचं मटण मिळालं नाही, एवढीच हकीकत. पण ती एवढ्यावर सोडायची माझी तयारी नाही.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात मटणाचे वार ठरलेले आहेत. बुधवार, शुक्रवार, रविवार. उरलेले वार घराघराप्रमाणे कुठल्या ना कुठल्या देवानं राखून ठेवलेत. २०२४ चा ३१ डिसेंबर मंगळवारी आला आणि आमच्या गल्लीनं सरत्या वर्षाला पनीर खाऊन निरोप दिला. त्या वर्षाचं पुढं काही चांगलं झालं नाही, असं आमचे शेजारी अजून म्हणतात. २०२५ चा मात्र बरोबर बुधवारी आला. त्यात दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे जे काय खायचं ते रात्री बारापर्यंत खाऊन भांडी घासून मोकळं व्हायचं. सकाळी सातला दुकानाच्या पायरीपासून निघालेली रांग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत गेली होती. मी डीपीपाशी.

पुढच्या गृहस्थांनी मागं वळून हात जोडले. अंगात जर्किन, डोक्याला कानटोपी, बहुतेक रंकाळ्याला फेरी मारून तसेच आलेले.

"आभारी आहे," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"तुम्ही माझ्या मागं येऊन उभं राहिलाय, त्याबद्दल."

"मी मटणासाठी उभा राहिलोय."

"तेच की. तुम्ही येईपर्यंत मी शेवटचा होतो. आता न्हाई."

एवढं बोलून त्यांनी जर्किनच्या खिशातनं एक गुळगुळीत खडा काढला, कपाळाला लावला आणि परत खिशात टाकला. मी तिकडं बघायला नको होतं. पण रांगेत माणूस बघणार तरी कुठं?

"पंचगंगेच्या घाटावरचा हाय," ते म्हणाले. "शिबिर केलं. तीन दिवसांचं. सरांनी सांगितलंय, खड्याला हात लागला की एक आभार मानायचा. दिवसाला शंभर."

"आज किती झाले?"

"तुमचा धरून चौतीस."

"शिबिराला फी होती?"

"सहा हजार. जेवण धरून."

"त्याबद्दल आभार मानले का?"

"पहिल्यांदा तेच मानून घेत्यात," ते अगदी सरळ मनानं म्हणाले.

तिथून पुढं मी त्यांचा झालो. त्यांनी थंडीचे आभार मानले. दुकानाच्या मालकांचे, लाकडी ठोकळ्याचे, सत्तूरचे मानले. आत टांगलेल्या बोकडाकडं बघून तर त्यांचे डोळे भरून आले. "त्याचा त्याग बघा," म्हणाले. बोकडाला कुणी विचारलं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात एक पोरगं मोटारसायकल डबल लावून धावत आलं. "काका, अर्धा किलोच घ्यायचंय, मागनं गाड्या हॉर्न मारालेत."

"ये की, बाळा," म्हणत काकांनी त्याला आपल्या पुढं घेतलं आणि खडा काढला. एकोणचाळीस.

पोरगं गेलं तर एक निवृत्त गुरुजी आले. गुरुजी म्हटल्यावर बोलायचं कामच नाही. चाळीस. मग एक बाई आल्या, त्यांची गाय दारात सोडलेली होती म्हणे. एक्केचाळीस. मग आला तो माणूस काकांच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याचा पाहुणा निघाला. हे नातं आखायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात पाहुण्यानं दीड किलो घेतलंसुद्धा. गंमत अशी की यातला एकही माणूस काकांच्या मागं गेला नाही. सगळे पुढं. काका स्वतः जागचे हलले नाहीत, नुसते खडा काढत-घालत राहिले, आणि आम्ही डीपीवाले डीपीपाशीच राहिलो.

शेवटी मी म्हणालो, "काका, तुम्हाला नंबर द्यायचा असला तर तुमचा द्या. तुम्ही मागं जावा आणि त्यांना तुमच्या जागी उभं करा."

"मी दिलाच की!"

"तुम्ही तुमचा नाही, आमच्या सगळ्यांचा दिला. तुम्ही एक माणूस पुढं घेतला की मागचे पंचवीस एकेक पाऊल मागं जातात."

त्यांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, पटलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे एका वेळेला पंचवीस जणांच्या हातनं पुण्य झालं! हे मला सुचलंच नव्हतं." खडा बाहेर.

माझ्या मागच्या मावशींचा संयम इथं संपला. "ओ भाऊ," त्या ओरडल्या, "दान करायचं तर आपल्या ताटातलं करावं! लोकाच्या ताटातलं उचलून कसलं वाटालाय?"

काकांनी त्यांचेही आभार मानले. 'लोकाच्या ताटातलं' या परखड शब्दांबद्दल.

त्यानंतर त्यांनी माझी शिकवणीच लावली. सरत्या वर्षातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगा, म्हणाले. मी गप्प. मग त्यांनीच मला सुचवायला सुरुवात केली.

"कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं की यंदा! ऑगस्टात कामकाज सुरू झालं. मुंबईच्या खेपा वाचल्या. कोर्टात तुमचं काय असंल-नसंल, पण आनंद हाय का न्हाई?"

"आहे. पण ते काय आभार मानून मिळालं? वकिलांनी चाळीस वर्षांवर आंदोलन केलंय. कामबंद, मोर्चे, उपोषणं."

"बरं, ऱ्हाऊ दे. काळम्मावाडी धरणाचं पाणी? थेट पाईपलाईननं २०२३ च्या दिवाळीत गावात आलं का न्हाई?"

"आलं. आमच्या गल्लीत अजून टँकरच्या नंबरवर भांडणं होतात."

"गावातला रस्त्यांचा टोल?"

"टोल काय आपल्या आपण गेला? सगळं गाव रस्त्यावर उतरलं तेव्हा २०१५ साली गेला!"

"म्हंजे तीन झाल्या," काका म्हणाले. "आता आभार माना."

यावर काय बोलणार? पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. या गावानं आजवर जे काही मिळवलं ते कृती समिती काढून मिळवलंय. कोल्हापुरात दोन माणसं एकत्र आली की निवेदन लिहितात, तीन आली की मोर्चा निघतो. शहराची हद्दवाढ व्हावी म्हणून समिती आहे आणि होऊ नये म्हणूनही आहे, आणि १९७२ साली महापालिका झाल्यापासून दोन्ही समित्यांनी मिळून हद्द जिथल्या तिथं ठेवलीय. २०१९ च्या डिसेंबरात तर याच मटणाच्या दरावरून समिती निघाली होती. दुकानं बंद पडली, बैठका झाल्या, पेपरात रोज मटण पहिल्या पानावर. तेव्हा हे काका खडा घेऊन कुठं होते? त्या वेळी लोक मटणाबद्दल कृतज्ञ राहिले असते तर आज आम्ही दर विचारायला उभे राहिलो असतो आणि दर ऐकून नुसता वास घेऊन घरी गेलो असतो.

आणि हा नुसता काकांचा प्रश्न नाही. आमच्या ऑफिसातही यंदा वर्षअखेरीला वरच्या मजल्यावरून फतवा निघाला की प्रत्येकानं एक कृतज्ञतेची चिठ्ठी लिहून बरणीत टाकायची. बरणी लोणच्याची होती. पगारवाढीची फाईल त्याच मजल्यावर एप्रिलपासून पडून आहे, पण तिला कुणी बरणीत टाकत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्यानं चिठ्ठीत 'नोकरी आहे' एवढंच लिहिलं. घरात आजारपण, पोरांच्या फिया, बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल. साहेबांनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि टाळ्या वाजवा म्हणाले. आम्ही वाजवल्या. तो मान खाली घालून बसला होता. कृतज्ञ राहा असं सांगणारा माणूस मला आजवर कधी रांगेत माझ्या मागं भेटलेला नाही. तो पुढंच असतो. बहुतेक वेळा काउंटरच्या आत.

मोबाईलवरचे मेसेज हा आणखी वेगळा छळ. 'सरत्या वर्षात माझ्याकडून कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास क्षमस्व.' खाली दिव्याचं चित्र. हा मेसेज मला दर वर्षी न चुकता पाठवणाऱ्या एका सद्गृहस्थाकडं माझे पैसे अडकलेत. कळत की नकळत, ते त्यानं एकदा स्पष्ट करावं. उलट मेसेज टाकून विचारलं तर अंगठा आला.

आशेचं म्हणाल तर कोल्हापूरकराला त्यासाठी शिबिराची गरज नाही. आमच्याकडं वर्षातनं दोनदा किरणोत्सव असतो. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि गाभाऱ्यात अंबाबाईपर्यंत जातं. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असा हिशोब. पण वाटेत इमारती आल्या, वायरी आल्या, कधी ढग, कधी धुरळा. कधी किरणं गुडघ्यावर थांबतात, कधी कमरेवर. म्हणून काय लोक घरी बसतात? दर वेळी तेवढीच गर्दी, दर वेळी माना उंच. ऊन अडलं तर अडलं. 'यंदा गुडघ्यापर्यंत आलं, पुढच्या टायमाला बघू,' म्हणत चप्पल शोधायची. नंतर निवेदनं दिली जातात, अडथळे काढा म्हणून. आमची आशा ही अशी, हातात अर्ज धरून उभी राहणारी. तिला खडा लागत नाही.

तर रांग. ती सरकली, हे मान्य करतो. तासाभरानं काका ठोकळ्यापाशी पोचले आणि माझा जीव पिशवीत आला. काकांनी आधी मालकांना सांगितलं की तुमचे हात म्हणजे देवाचे हात. मालक म्हणाले, किती देऊ? काकांनी दोन किलो मागितलं.

"निवडून द्या हं, मालक. मांडीचंच. नळी घाला. उद्या गुरुवार, आपण कडक पाळतो, तवा आज मनासारखं होऊ दे."

मी बघत होतो. मांडी टांगलेली होती ती एकच. तिच्यावर माझा डोळा अगदी डीपीपासून होता. मालकांनी ती खाली उतरवली, ठोकळ्यावर ठेवली आणि सत्तूर चालवला. काकांनी प्रत्येक घावाला मान डोलावली.

माझा नंबर आल्यावर मालक म्हणाले, "मांडी संपली, सायेब. नवीन बोकड साडेदहाला. आत्ता सीना हाय, गर्दन हाय, मिक्स करून देऊ? वर थोडी चरबी टाकतो."

मागनं मावशी म्हणाल्या, "घ्या वो, घ्या. आमाला बी मिळू दे काय तरी." मग घेतलं.

पैसे देत होतो तेवढ्यात खांद्यावर हात पडला. काका परत आले होते. मला वाटलं, माणसाला लाज वाटली, निदान नळी तरी देतोय. त्यांनी माझा हात धरला, तळव्यावर खडा ठेवला आणि बोटं मिटवली.

"तुमाला माझ्यापेक्षा जास्त गरज हाय," ते म्हणाले. "आज तुमच्यामुळं शंभर पुरे झाले. नवीन वर्षाच्या शुभेच्छा!"

आणि दोन किलो मांडी घेऊन ते निघून गेले. मी एका हातात पाकीट आणि एका हातात खडा घेऊन उभा. कुठं ठेवावा कळेना, म्हणून समोर होता त्या काट्यावर ठेवला.

"दगड तेवढा काट्यावर ठेवू नका, सायेब," मालक घाईघाईनं म्हणाले. "वजनमाप खात्याचं कोण बघितलं तर मी काय सांगू?"

घरी पिशवी उघडल्यावर बायको म्हणाली, "एवढ्या वेळात ही हाडं मिळाली?" मी खडा पुढं केला. तिनं तो चिंच समजून वासही घेतला.

रस्सा चांगला झाला. हाडं जास्त असली की अळणी पाणी दाट उतरतं, त्यात नारळाचं दूध पडलं की पांढऱ्याला चव येते, हे कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून कुणी त्याचं श्रेय त्या माणसाला देऊ नये. थोरला पोरगा दोन वाट्या पिऊन तसं म्हणाला, तर त्याला मी तिथंच गप्प केलं. तांबडाही झाला होता, पण त्यात बुडवून खायला फोडी कुठं होत्या? मानेचा मणका चोखत माणूस नव्या वर्षाकडं कितीसं बघणार!

जेवण झाल्यावर नवीन कॅलेंडर भिंतीला लावलं आणि पहिल्यांदा शेवटचं पान उलटून बघितलं. ३१ डिसेंबर २०२६, गुरुवार. तो माणूस गुरुवार कडक पाळतो, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. म्हणजे रांगेत नसणार. निम्मं गाव नसणार. पायरीपाशी सरळ पहिला नंबर, आणि मांडी टांगलेली. गुरुवार आमच्या घरीही पाळतात, बायकोच्या माहेरापासूनचा आहे. पण तो विषय तिच्याकडं काढायला अख्खं वर्ष पडलंय.